वाचून न दाखवलेली पत्रिका

काकाजी, परवा तुमची तेरवी झाली. पंगती तीन वाजेपर्यंत चालल्या. वांग्या-बटाट्याची भाजी थोडी तिखट झाली होती, पण कोणी पानात टाकली नाही. काकू जेवते आहे, आलेल्या बायांशी बोलते आहे. तुम्ही असता तर हेच आधी विचारलं असतं, म्हणून आधी सांगितलं.

तुमच्या तेरवीची पत्रिका मीच केली. जुनी कुठलीही फाईल न उघडता कोऱ्या पानावर केली आणि छापण्याआधी काकूला सगळी वाचून दाखवली. ती म्हणाली, "इतकं कायले वाचतंस? समजलं मले." तरी मी शेवटच्या नावापर्यंत वाचली. का वाचली, ते तिला तेव्हा माहीत नव्हतं.

तुमच्या अक्षराबद्दल पुष्कळ लोक बोलले. तहसीलमधून निवृत्त झालेले एक साहेब म्हणाले, असा अर्ज पुन्हा पाहिला नाही. खरं आहे ते. पण मला तुमच्या अक्षराबद्दल बोलायचं नव्हतं. शेवटची सहा वर्षं तुम्ही एक ओळसुद्धा लिहिली नाही, ती वर्षं तशी का गेली, ते मला ठाऊक आहे. माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. तुम्हालाही नव्हतं.

लाखांदूरला तहसीलसमोर कडुनिंबाखाली तुमचं टेबल होतं. अर्ज, संमतीपत्रं, वारसाचे कागद तुम्ही लिहायचे. पण आजूबाजूच्या खेड्यांमध्ये तुमची ओळख मरणाचं पत्र लिहिणारा माणूस अशी होती. कोणाकडे माणूस गेला की तुम्हाला निरोप यायचा. टेबल सोडून तुम्ही त्या घरी जायचे, ओसरीवर बसायचे आणि पोस्टकार्डांचा गठ्ठा मांडीवर घ्यायचे. घरातला कोणी एकेक नाव सांगायचा. तुम्ही नुसतं नाव घेत नव्हता, "हा तुमचा कोण?" असं विचारायचे. मामा असला तर पत्रात एक ओळ वेगळी, व्याही असला तर वेगळी. सगळी पत्रं झाली की पहिलं पत्र त्या घरच्यांना वाचून दाखवायचे. त्यांनी मान हलवली की मग शेवटी, मरणाच्या पत्राची खूण म्हणून, एकेका कार्डाचा कोपरा फाडायचे. मी एकदा विचारलं होतं, आधीच फाडून का ठेवत नाही? तुम्ही म्हणालात, "आधी फाडलं तं लिवाले हात कचरते."

मी टायपिंगची परीक्षा पास करून आलो तेव्हा माझ्याकडे सर्टिफिकेट होतं आणि नोकरी नव्हती. माझं अक्षर तुम्हाला माहीतच आहे. शाळेत गुरुजी माझी वही तपासायला घेत आणि मलाच वाचून दाखवायला सांगत. कळफलकावर बोटं बसली तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की आपलं लिहिलेलं कोणीही वाचू शकेल. त्या आनंदात मी जुना कॉम्प्युटर घेतला आणि तुमच्या टेबलाच्या मागच्या गाळ्यात दुकान टाकलं. तुमच्या बरोब्बर पाठीमागे. तुमचं काय होईल हा विचार माझ्या मनात आला नव्हता.

इतरांच्या मनात आला. पानवाला तुम्हाला माझ्यासमोरच म्हणाला, "नामदेवभाऊ, हा सुधाकर तं तुमच्या पोटावर पाय देऊन राहिला."

"देऊ दे," तुम्ही म्हणालात. "माझं पोट मोठं हाय."

दुसऱ्या दिवशी तुम्ही रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आलात आणि माझ्या दुकानाची पाटी रंगवून दिली. 'येथे मराठी टायपिंग करून मिळेल.' लोक आधी ती पाटी बघत उभे राहायचे. एकानं तर विचारलं, असं अक्षर कॉम्प्युटरवर निघते काय? मी हो म्हणालो. असं अक्षर कधीच निघालं नाही.

माझा वेगही तुम्हीच वाढवला. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तुम्ही स्टूल ओढून माझ्या बाजूला बसायचे आणि मजकूर सांगायचे. जुने अर्ज, भाऊबंदकीची भांडणं, कोणाची विहीर कोणाच्या बांधात आली, सगळं पाठ होतं तुम्हाला. मी मागे पडलो की थांबायचे, चिडायचे नाही. क्लासमध्ये मला जे जमलं नव्हतं ते तुमच्या सांगण्यानं जमलं.

आपला वाद तेव्हापासून सुरू झाला. पत्रिका छापून द्यायला मी लागलो होतो, आणि लोकांना छापील पत्रिका पाहिजे होती, तीनशे एकाच वेळी. मी म्हणायचो, काकाजी, दिवसभर बसून पन्नास कार्डं लिहिता, मी एक कळ दाबतो. तुम्ही म्हणायचे, "एक कळ दाबतंस तं एकच डाव पायतंस." एकदा कागद ओढून तुम्ही मला 'आसगाव' लिहून दाखवलं. अक्षरं आधी, उघडी. मग हात उचलून सगळ्यांवरून एकच रेघ ओढली. "हे पाय. रेघ वढताना शबद मले आणखी एक डाव दिसते. चुकला असन तं तवाच समजते. तुया मशिनीत रेघ अक्षरासंगंच येते." मी हसलो होतो. हे म्हाताऱ्या माणसाचं आपल्या कामावरचं प्रेम आहे, असं मला वाटलं होतं.

मग तुमचा उजवा हात कापायला लागला. आधी चहाचा कप, मग पेन. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, त्यानं झोप यायला लागली, हात कापायचा तो कापतच राहिला. तुम्ही महिनाभर डाव्या हातानं उजवं मनगट धरून लिहिलंत. मी पाहत होतो. एक दिवस तुम्ही आत आलात आणि कळफलकाकडे बोट दाखवून विचारलं, "सुधाकर, हात कापला तं हे दाखवते काय?"

"नाही काकाजी. कळ दाबली की अक्षर सरळच येते."

"मंग शिकव मले."

तुम्ही तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होता. कळांवर इंग्रजी अक्षरं होती, म्हणून तुम्ही पांढऱ्या कागदाचे बारीक तुकडे कापले, त्यावर त्याच कापऱ्या हातानं मराठी अक्षरं लिहिली आणि टेपनं एकेका कळीवर चिकटवली. के या इंग्रजी अक्षरावर क येतो, ते तुम्हाला पटलं. 'जे'वर र येतो म्हटल्यावर तुम्ही चष्मा काढून माझ्याकडे पाहिलंत. "हे कोण्या गधड्यानं ठरवलं?" मी म्हणालो, मला माहीत नाही. "मंग कायले मानतंस?" असं म्हणत र तिथेच चिकटवला.

पहिला अर्ज तुम्ही एका बोटानं टाईप केलात. ज्याचा अर्ज होता त्यानं तंबाखू मळून खाल्ली, बाहेर थुंकून आला, पुन्हा बसला, तरी तुम्ही दुसऱ्या ओळीवर. त्याला राग नव्हता. तो म्हणाला, "करा काकाजी सावकाश, माझी बस साडेपाचची हाय." कागद निघाला तेव्हा तुम्ही तो दोन्ही हातांनी धरलात. कागद हलत होता, अक्षरं सरळ होती. काकू सांगते, त्या दिवशी तुम्ही घरी जाऊन म्हणालात, मले आता मरेपर्यंत काम हाय.

हे वाक्य मला काकूनं गेल्या आठवड्यात सांगितलं. आधी माहीत असतं तर मी वेगळा वागलो असतो, असं लिहायला आवडलं असतं. खात्री नाही.

आता त्या दिवसाचं सांगतो.

शेजारच्या खेड्यातले शिवराम वारले. त्यांच्या घरी तुम्हीच गेलात, कारण पत्रिका छापील झाल्या तरी मजकूर लोक तुमच्याकडूनच घेत. ओसरीवर बसून तुम्ही रेघांच्या कागदावर मजकूर लिहिलात, वेडावाकडा, पण सगळा बरोबर. वर शिवरामचं नाव, 'यांचे निधन झाले'. खाली शोकाकुल म्हणून आधी त्यांची बायको पार्बताबाई, मग मुलं, जावई, भाऊ, पुतणे. घरच्यांना वाचून दाखवलात आणि माझ्याकडे आणलात. पत्रिकेवर टाकायला फोटो मिळाला नव्हता.

दुकानात त्या दिवशी ऑनलाईन फॉर्म भरणाऱ्यांची गर्दी होती आणि चार वाजता लाईन, म्हणजे वीज, जाणार होती. मी एक जुनी फाईल उघडली. ती कोण्या बाईच्या तेरवीची होती. वर त्या बाईचं नाव, खाली शोकाकुलमध्ये पहिलं तिच्या नवऱ्याचं. मी बाईच्या नावाच्या जागी पार्बताबाईचं नाव टाकलं आणि नवऱ्याच्या जागी शिवरामचं. हात इतके सरावलेले होते की डोकं त्यात नव्हतंच. बाईच्या जागी बाई, पुरुषाच्या जागी पुरुष. मग मी उठलो आणि तुम्हाला म्हणालो, खालची बाकीची नावं तुम्ही टाका, तोवर मी दोन फॉर्म भरतो. तुम्ही कळफलकावर वाकून एकेक नाव टाकलंत. तुमची नजर कळांवर होती.

नावं झाल्यावर तुम्ही म्हणालात, "सुधाकर, हे पुरं एक डाव वाचून दाखव."

मी म्हणालो, "काकाजी, लाईन जाईल. आपण हातानं थोडंच लिहिलं? कॉम्प्युटर चुकत नाही."

आणि प्रिंट दिली.

सुतकाच्या घरात पत्रिका कोण वाचत बसतो? मुलानं घडी घातली, वरून नावं टाकली आणि बसनं, ओळखीच्या माणसांच्या हाती, पहिल्या चाळीस पाठवून दिल्या. त्यातली एक आसगावला पार्बताबाईच्या भावाकडे गेली. भिवाजी आठ दिवसांपूर्वीच मेव्हण्याच्या मातीला येऊन गेले होते. पत्रिका त्यांनी शेजारच्या माणसाकडून वाचून घेतली; त्यानं वरचं नाव आणि 'निधन झाले' एवढंच वाचलं. त्यांना वाटलं, नवऱ्यामागोमाग बहीणही गेली. म्हातारा माणूस, फोन नाही. मेलेल्या बहिणीला भावानं द्यायची माहेरची साडी त्यांनी घेतली आणि एसटीत बसले. गावाच्या वेशीपासून गळा काढून रडत आले.

पार्बताबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या.

"काहून रडतंस गा भाऊ?" त्या म्हणाल्या. "आता आणखी कोण मेलं?"

भिवाजी अंगणातच खाली बसले. साडी त्यांच्या हातात होती. ती त्यांनी वर करून दाखवली. मग म्हणाले, "तूच तं."

लोक त्या सुतकाच्या घरात हसले. हसू आवरता आलं नाही कोणाला, असं मला नंतर सांगणाऱ्यानंही हसतच सांगितलं. पार्बताबाई तेव्हा हसल्या नाहीत. नवरा जाऊन बारा दिवस झाले नव्हते, आणि गावात त्यांचं नाव मेलेली बाई पडलं. बाजारात, नळावर, सगळीकडे.

त्यांचा मुलगा दुपारी दुकानात आला. पत्रिका काउंटरवर आपटली. "हे कोणं टाईप केलं?"

मी पत्रिकेकडे पाहिलं आणि मला त्याच क्षणी समजलं. कोणती फाईल, कोणती जागा, सगळं. मी तोंड उघडलं नाही. रांगेतला एक जण म्हणाला, "काकाजी शिकून राहिले ना. म्हाताऱ्याले मशिनीवर बसवलं तं असंच होईन."

तुम्ही पत्रिका उचलली, लांब धरून वाचली. सगळी वाचली. मग म्हणालात, "खालची नावं तं म्याच टाकली होती. माझ्याच हातानं काही दबलं असन."

मी काय म्हणालो, ते मला लिहिलंच पाहिजे. मी म्हणालो, "भाऊ, काकाजी अजून नवीन आहेत. मीच लक्ष द्यायला पाहिजे होतं."

ऐकणाऱ्यांना ते मोठ्या मनाचं बोलणं वाटलं. पानवाल्यानं संध्याकाळी माझी पाठ थोपटली, म्हणाला, तू दोष स्वतःवर घेतला. त्याच दुपारी मी दुरुस्त पत्रिका छापून दिल्या. त्या तुमच्या रेघांच्या कागदावरूनच केल्या. झाल्यावर तो कागद मी बारीक फाडला आणि दुकानामागे टाकला. तुम्ही तेव्हा पार्बताबाईंच्या घरी माफी मागायला चालत गेला होता. त्या आत निघून गेल्या आणि बाहेर आल्या नाहीत, हे तुम्हीच मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दुकानात आलात, कळफलक मांडीवर घेतलात आणि नखानं एकेक कागद उचकटलात. मी म्हणालो, राहू द्या काकाजी, होतं असं. तुम्ही म्हणालात, "अर्ज चुकला तं दुसरा देता येते. मरणाचा कागद चुकून नाई चालत." हातानं लिहिणं आधीच सुटलं होतं. आता हेही सुटलं. टेबलावर तुम्ही बसत राहिलात, पण अर्ज घेऊन येणाऱ्याला माझ्याकडे पाठवायचे. "मागं जा, सुधाकर करून देते."

सहा वर्षं तुम्ही माझ्याकडे माणसं पाठवलीत.

एकदा तुम्ही विचारलं होतं. पावसाळा संपला होता, आपण दोघं चहा पीत होतो. तुम्ही कप बाकावर ठेवून प्यायचे, उचलत नव्हता. एकदम म्हणालात, "सुधाकर, एका कळीनं दोन नावं इकडची तिकडं होऊ शकते काय?"

नाही, हे उत्तर होतं. कोणत्याही एका कळीनं असं होत नाही, हे कोणालाही सांगता येईल. मी म्हणालो, "होते कधी कधी."

"कोणती कळ?"

"आता कसं सांगू काकाजी? दोन-तीन एकदम दाबल्या जातात."

तुम्ही मान हलवलीत. त्यानंतर तो विषय माझ्यासमोर कधी काढला नाही. पत्रिका चुकली ती घाईत. हे उत्तर मी घाईत दिलं नव्हतं.

सांगायचा प्रयत्न मी केला होता. मागच्या उन्हाळ्यात तुम्हाला भंडाऱ्याला दवाखान्यात न्यायचं होतं, तुमचा मुलगा पुण्याहून येऊ शकला नव्हता, म्हणून मी आलो. बसमध्ये पवनीपर्यंत आपण दोघंच बाकावर होतो. मी म्हणालो, काकाजी, एक सांगायचं होतं. तुम्ही म्हणालात, "सांग ना." मी म्हणालो, पाटीचा रंग गेला, पुन्हा रंगवायला पाहिजे. तुम्ही म्हणालात, "माझ्याच्यानं आता नाई होत, दुसऱ्याकडून करून घे." मग खिडकीबाहेर पाहत राहिलात. धानाच्या रोवणीआधीची शेतं कोरडी पडली होती. तेव्हा मी चाळीस किलोमीटर तुमच्या शेजारी बसलो होतो.

तुम्ही गेल्यावर सरणाकडे पाहत मी ठरवलं, वगैरे काही झालं नाही. झालं ते असं. तुमच्या पत्रिका छापून झाल्यावर त्या कोणाकोणाला पाठवायच्या, ती नावं लिहून घ्यायला मी काकूकडे बसलो. तिनं पार्बताबाईंचं नाव घेतलं नाही. मी विचारलं, त्यांना पाठवायची ना? काकू म्हणाली, "ते बाई येत नाई. इच्या घरच्या लग्नात आमाले बलावलं नाई. तुया काकाजीले सामने पाह्यलं तं तोंड फिरवे." मी नावांचा कागद तिथंच ठेवला आणि मोटारसायकल काढून त्यांच्या गावी गेलो.

पार्बताबाई आता सत्तरीच्या आहेत. मला ओळखलं. "तू तो टायपिंगवाला नव्हेस काय? कोणाची पत्रिका आणली?"

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. फाईल, जागा, प्रिंट, फाडलेला कागद. त्या ऐकत होत्या. मध्ये एकदा सुनेला हाक मारून म्हणाल्या, "पाणी आन व," आणि पुन्हा माझ्याकडे वळल्या.

"मंग त्या म्हाताऱ्यानं मले मारलं नवतं?"

"नाही. मी."

"तो अंगणात घंटाभर उभा होता. ऊन होतं. म्या पाणीबी नाई देलं." त्या म्हणाल्या. "माह्या नातीच्या लग्नात तो रस्त्यानं जाऊन राहिला होता. मांडवाकडं पाह्यलं त्यानं. म्या नाई बलावलं." मग एकदम आवाज चढला. "आन तू मले सांगाले कायले आला? म्या तं जित्ती हाव. गावानं मारलं तरी मेली नाई. ज्याइचा गेला त्याइच्या घरी जाय."

मी निघालो. पाणी आलं होतं, ते प्यायलो नाही. मागून म्हणाल्या, "तेरवी कधी हाय?"

काकूला त्याच संध्याकाळी सांगितलं. ती लाखोळीची डाळ निवडत होती. मी बोलत असताना तिचा हात थांबला नाही. शेवटी म्हणाली, "मंग चूक त्याची नवती."

"नाही."

"काहीच?"

"खालची सोळा नावं काकाजींनी टाकली होती. सोळाही बरोबर होती."

तेव्हा ती उठली. आतून एक पुठ्ठा घेऊन आली, साबणाच्या खोक्याचा. त्यावर तुम्ही पेनानं कळा आखल्या होत्या, सगळ्या, ओळीनं, आणि प्रत्येक चौकोनात अक्षर. र 'जे'च्या जागी होता. काही चौकोन बोटं फिरून पुसट झाले होते. कोणते, ते मी पाहिलं नाही.

"रोज सांजी ओसरीवर मांडीवर घेऊन बसे," काकू म्हणाली. "म्या म्हणो, आता कायले शिकतंस, काम तं सोडलं. तं म्हणे, शिकून नाई राहिलो. कोणत्या कळीनं झालं ते शोधून राहिलो. म्या त्याले खुळा म्हटलं. सुधाकरले विचार, म्हटलं. तं म्हणे, विचारलं. सुधाकर म्हणते, होते कधी कधी."

काकूनं पुठ्ठा परत आत नेऊन ठेवला आणि डाळीचं सूप पुढं ओढलं. मी म्हणालो, काकू, मला माफ कर. ती म्हणाली, "मले एकलीले सांगून तू मोकळा होशीन. आन म्या कोणाकोणाले सांगत फिरू? लोकाइसमोर त्याचं नाव गेलं. लोकाइसमोर सांग. पंगतीत सांग. आन हे रडणं घरी ठेवून येजो."

पार्बताबाईंचं नाव मी पत्रिकेच्या यादीत टाकलं. काकूनं टाकू दिलं.

परवा पहिली पंगत बसली तेव्हा त्या आल्या, भिवाजींना घेऊन. भिवाजींना आता दिसत नाही नीट, बहिणीचा हात धरून आले. कोणीतरी मागून म्हणालंच, "मेलेली बाई आली." पार्बताबाई वळून म्हणाल्या, "हाव, आली. तुया तेरवीलेबी येईन." लोक हसले, त्या जाऊन काकूशेजारी बायकांच्या ओळीत बसल्या. काकूनं आपली पत्रावळ थोडी सरकवून जागा केली.

पानं वाढून झाली. मी मधल्या जागेत उभा राहिलो. मला उभं राहून बोलायची सवय नाही, तुम्हाला माहीत आहे. दोन वाक्यं मी आदल्या दिवशी टाईप करून खिशात ठेवली होती. कागद काढला नाही. पानवाला समोरच बसला होता, तो माझ्याकडे पाहत होता. मी बोललो. आवाज निघाला तो माझा मलाच नीट ऐकू आला नाही. पुरुषांच्या पुढच्या चार-पाच पानांपर्यंत गेला असेल. त्यांनी माना वर केल्या, आणि मी खाली बसायला लागलो.

"मोठ्यानं बोल गा," पार्बताबाईंचा आवाज आला. "इकडं बायकाइले आयकू नाई आलं."

वरणाची बादली घेतलेला माणूस थांबला. काकू माझ्याकडे पाहत होती. काकाजी, मग मी सरळ उभा राहिलो आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. ती पत्रिका मी केली होती. काकाजींनी मला वाचून दाखव म्हटलं होतं, मी वाचली नाही. त्यांची चूक नव्हती, एका अक्षराचीसुद्धा नव्हती, आणि हे मला त्याच दिवशी माहीत होतं.